ढोल थांबले, कॅमेरा चालू राहिला

रस्ते आणि पूल बांधण्यासाठी पश्चिम आफ्रिकेत गेलेला एक फ्रेंच अभियंता तिथल्या ढोलांच्या, एकतारी वाद्यांच्या आणि अंगात येणाऱ्या देवांच्या जगात शिरतो, हातात कॅमेरा घेतो, शंभराहून अधिक चित्रपट करतो आणि साठ वर्षांनंतर त्याच भूमीत अखेरचा श्वास घेतो, ही ज्याँ रूश यांची जीवनकथा. माहितीपटाच्या इतिहासात रूश यांचे नाव प्रामुख्याने ‘सिनेमा व्हेरिते’ या चळवळीशी जोडले जाते. फ्रान्समधील नव्या लाटेच्या दिग्दर्शकांनी त्यांना गुरुस्थानी मानले. मात्र त्यांच्या कामाचा खरा गाभा पॅरिसमध्ये नव्हता. तो नायजर नदीच्या काठी होता. फ्रेंच सत्तेखाली आलेल्या आणि पुढे फ्रेंचलाच राज्यव्यवहाराची भाषा म्हणून स्वीकारणाऱ्या देशांतील माणसे, त्यांचे विधी आणि त्या विधींना चालना देणारे संगीत हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. राज्यकर्त्यांच्या वंशातल्या माणसाने जित समाजाचे चित्रण करायचे, तर ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. त्या प्रश्नाशी त्यांनी जी झटापट केली तिच्यातूनच त्यांचे उत्तमोत्तम चित्रपट घडले.

दर्यावर्दी पित्याचा पुत्र

रूश यांचा जन्म ३१ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील ज्यूल रूश हे नौदल अधिकारी आणि हवामानशास्त्रज्ञ होते. शार्को यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत ते सहभागी झाले होते आणि पुढे मोनॅको येथील सागरी संग्रहालयाचे संचालकपद त्यांनी भूषविले. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण एका गावात गेले नाही. भूमध्य समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे देश त्याने लहानपणीच पाहिले. ब्रेस्ट या बंदराच्या गावी त्याने आयुष्यातला पहिला चित्रपट पाहिला. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा तो चित्रपट. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात राहणारा शिकारी आणि त्याचे कुटुंब यांची ती कहाणी होती. कॅमेऱ्यापुढच्या माणसाला आपल्या कामात सामील करून घेण्याचा फ्लॅहर्टींचा मार्ग पुढे रूश यांनीही अनुसरला.

१९३७ मध्ये त्यांनी पॅरिसच्या प्रतिष्ठित पूल व रस्ते अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश घेतला. पॅरिसमधील ते दिवस अतिवास्तववादी कवी-चित्रकारांचे, जॅझ संगीताचे आणि नव्याने उघडलेल्या मानव संग्रहालयाचे होते. या तिन्हींचे वेड या तरुणाला लागले. पिएर पोंती आणि ज्याँ सोव्ही हे दोन जिवलग मित्रही त्याला याच शिक्षणकाळात मिळाले. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. पूल बांधायला शिकलेल्या या तरुणांवर माघार घेताना पूल उडवून देण्याची पाळी आली. पराभूत आणि व्यापलेल्या देशात राहणे नको म्हणून रूश यांनी वसाहतीतील नोकरी पत्करली. १९४१ मध्ये ते नायजरला पोहोचले.

वीज पडली आणि वाट बदलली

नियामे येथे त्यांच्याकडे रस्तेबांधणीचे काम आले. कामावरचे मजूर वेठबिगारीने आणलेले होते. ना पुरेशी यंत्रे, ना अवजारे. माणसांच्या हातांवर आणि पाठींवर रस्ते होत होते. वसाहतवादाचे खरे रूप रूश यांना पुस्तकातून कळले नाही, ते त्यांना या मुकाट राबणाऱ्या माणसांच्या रांगांतून दिसले आणि आपण त्या व्यवस्थेचे पगारी नोकर आहोत हेही त्यांना उमगले.

१९४२ च्या पावसाळ्यात कामाच्या ठिकाणी वीज पडली आणि दहा मजूर दगावले. सोंघाय लोकांच्या श्रद्धेनुसार वीज हे डोंगो या मेघगर्जनेच्या देवाचे शस्त्र आहे. त्याने मारलेल्या माणसांना विधीवाचून हात लावता येत नाही. आता काय करायचे, असा प्रश्न पडलेल्या या अभियंत्याच्या मदतीला त्याच्याच हाताखाली काम करणारा एक तरुण आला. त्याचे नाव दामूरे झिका. तो नदीवर मासेमारी करणाऱ्या सोरको जमातीचा होता. त्याची आजी कालिया ही या विधींची जाणकार होती. तिने शुद्धीकरणाचा विधी केला. मृतांच्या अंगावर दूध शिंपडले गेले, वाद्ये वाजली, माणसांच्या अंगात आले आणि डोंगो त्यांच्या मुखाने बोलू लागला.

महाराष्ट्रातील वाचकाला अंगात येणे ही कल्पना परकी नाही. रूश यांना मात्र ती सर्वस्वी नवी होती. समोर जे घडले त्याचे वर्णन शब्दांत करता येणार नाही, ते चित्र आणि ध्वनी यांतूनच टिपले पाहिजे, असे त्यांना तेव्हा वाटले. दामूरेशी त्या दिवसांत जुळलेली मैत्री पुढची साठ वर्षे टिकली. व्हिशी सरकारच्या अधिकाऱ्यांशी न पटल्याने रूश यांना नायजर सोडून डाकारला जावे लागले. तिथल्या आफ्रिकाविषयक संशोधन संस्थेत त्यांनी अभ्यास सुरू केला. युद्धाच्या अखेरच्या पर्वात ते फ्रेंच सैन्याच्या अभियंता दलातून जर्मनीत गेले. युद्ध संपले तेव्हा त्यांचे ठरले होते. पूल बांधायचे नाहीत. मानववंशशास्त्राचा अभ्यास करायचा आणि आफ्रिकेत परतायचे.

नदीच्या प्रवाहाबरोबर

१९४६-४७ मध्ये रूश, पोंती आणि सोव्ही या तिघा मित्रांनी नायजर नदीचा उगमापासून मुखापर्यंत प्रवास केला. चार हजार किलोमीटरहून लांब अशा या नदीवरून ते मुख्यतः होडीतून गेले. प्रवासाला सुमारे नऊ महिने लागले. सोबत जुन्या बाजारातून विकत घेतलेला १६ मि.मी.चा बेल अँड हॉवेल कॅमेरा होता. त्या काळी गंभीर चित्रपटासाठी ३५ मि.मी.ची फीत आणि भक्कम तिपाई अनिवार्य मानली जात असे. रूश यांची तिपाई प्रवासाच्या सुरुवातीलाच हरवली आणि कॅमेरा हातात धरून चित्रण करण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. अडचणीतून आलेली ही सवय त्यांची शैली झाली. हातातला कॅमेरा चालणाऱ्याबरोबर चालू शकतो, नाचणाऱ्याभोवती फिरू शकतो, हे त्यांना कळून चुकले.

या प्रवासात पाणघोड्याच्या शिकारीचे चित्रण त्यांनी केले. फ्रान्समधील एका वृत्तपट कंपनीने ते विकत घेतले, मोठ्या फितीवर उतरवले, त्याला भडक संगीत जोडले आणि क्रीडा-समालोचकाच्या आवाजात निवेदन घातले. ‘काळ्या मांत्रिकांच्या देशात’ अशा अर्थाचे नाव देऊन तो लघुपट चित्रगृहांत दाखवला गेला. तो पाहून रूश यांना लाज वाटली. त्यानंतर आपल्या चित्रपटांचे निवेदन त्यांनी शक्यतो स्वतःच्याच आवाजात केले. विधीतील मंत्रांचा आणि देवांच्या स्तुतिगीतांचा फ्रेंच अनुवाद ते अशा लयीत म्हणत, की मूळ भाषेचा ठेका ऐकणाऱ्याच्या कानांवर यावा.

१९४९ मध्ये बियारित्झ येथे ज्याँ कॉक्तो यांच्या पुढाकाराने भरलेल्या महोत्सवात त्यांच्या ‘अंगात येणाऱ्यांच्या नृत्याची दीक्षा’ या लघुपटाला पारितोषिक मिळाले. एकीकडे मार्सेल ग्रिओल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचे संशोधन चालू होते. सोंघाय लोकांचा धर्म आणि जादूटोणा यांवरील हा प्रबंध १९६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि आजही तो या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो.

प्रेक्षकांनी काढायला लावलेले संगीत

रूश यांच्या कारकिर्दीला वळण देणारी एक घटना आयोरू या नदीकाठच्या गावात घडली. तिथल्या सोरको मच्छीमारांच्या पाणघोड्याच्या शिकारीवर १९५१ मध्ये त्यांनी ‘महानदीवरील युद्ध’ हा चित्रपट केला होता. काही काळाने ते तो घेऊन गावात परतले. भिंतीवर चादर टांगून, जनित्रावर प्रक्षेपक लावून त्यांनी तो ज्यांच्यावर केला होता त्यांनाच दाखवला. त्यांपैकी अनेकांनी चित्रपट हा प्रकार कधी पाहिला नव्हता. पडद्यावर काय चालले आहे हे त्यांना क्षणभरात उमगले. मधल्या काळात दगावलेली माणसे पडद्यावर हिंडता-फिरताना पाहून लोक रडू लागले. चित्रपट पुन्हा पुन्हा लावावा लागला आणि मग टीका सुरू झाली.

शिकारीच्या ऐन रंगात असलेल्या प्रसंगाला रूश यांनी शिकाऱ्यांचीच एक पारंपरिक धून जोडली होती. ती धून खास शिकाऱ्यांना स्फुरण देणारी. पाश्चात्त्य चित्रपटांच्या रीतीने पाहता निवड अगदी योग्य होती. शिकाऱ्यांना मात्र ती खटकली. पाण्याखालच्या पाणघोड्याला ऐकू चांगले येते. त्याच्यामागे जाताना कुणी हूं की चूं करत नाही. तिथे वाद्य वाजले तर जनावर पळून जाईल, असे त्यांनी या चित्रपटकाराला समजावले. रूश यांनी ती धून काढून टाकली. पार्श्वसंगीत हा नाटकाचा अवशेष आहे आणि ज्या जागी प्रत्यक्षात संगीत नाही तिथे ते माहितीपटातही असता कामा नये, हा धडा ते पुढे विद्यार्थ्यांना सांगत राहिले.

या प्रसंगाचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. त्या समाजावर लिहिलेला प्रबंध त्या समाजापर्यंत पोहोचणार नव्हता, कारण तो फ्रेंचमध्ये होता आणि वाचणारे जवळजवळ नव्हते. चित्रपट मात्र पोहोचला. ज्याचा अभ्यास केला त्याने अभ्यासकाची चूक दाखवून दिली. या देवाणघेवाणीला रूश यांनी सहभागी मानववंशशास्त्र असे नाव दिले. त्याच प्रेक्षकांतून नव्या चित्रपटांचे प्रस्तावही पुढे येऊ लागले. धनुष्यबाणाने सिंहाची शिकार करणाऱ्यांवरील ‘ला शास ओ लियाँ आ लार्क’ हा चित्रपट असाच जन्माला आला. कित्येक वर्षांच्या चित्रणानंतर पूर्ण झालेल्या या चित्रपटाला १९६५ मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला.

‘वेडे धनी’

१९५४ मध्ये रूश ब्रिटिशांच्या ताब्यातील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये होते. नायजरमधून कामाच्या शोधात अक्रा शहरात आलेल्या मजुरांत हाउका नावाचा एक पंथ होता. १९२०च्या दशकात फ्रेंच नायजरमध्ये त्याचा उगम झाला होता. या पंथाच्या अनुयायांच्या अंगात पूर्वापार देव येत नसत. गव्हर्नर, सेनापती, पहाऱ्यावरचा शिपाई, डॉक्टरची पत्नी, रेल्वे इंजिन, अशी वसाहतींच्या नव्या सत्तेची रूपे त्यांच्या अंगात येत. पंथाच्या लोकांना तुरुंगात टाकणारा एक फ्रेंच अधिकारीसुद्धा पुढे त्यांच्या देवगणांत दुष्ट सेनाधिकारी म्हणून जाऊन बसला.

पंथाच्या प्रमुखांनीच रूश यांना आपल्या वार्षिक विधीच्या चित्रणासाठी बोलावले. एकतारी वाद्याचे सूर सुरू होतात, माणसे थरथरू लागतात, तोंडाला फेस येतो, शिस्तीत कवायत होते, अधिकाऱ्यांची सभा भरते, कुत्र्याचा बळी देऊन त्याचे मांस खाल्ले जाते. दुसऱ्या दिवशी हीच माणसे शहरात शांतपणे खड्डे खणताना, ओझी वाहताना दिसतात. अर्ध्या तासाहून थोडा मोठा असा हा चित्रपट ‘ले मेत्र फू’, अर्थात ‘वेडे धनी’ या नावाने १९५५ मध्ये पूर्ण झाला. वेडे कोण, अंगात आलेले मजूर की ज्यांचे सोंग ते घेत आहेत ते साहेब, हा प्रश्न नावातच दडलेला होता.

पॅरिसच्या मानव संग्रहालयात तो प्रथम दाखवला गेला तेव्हा खळबळ उडाली. खुद्द ग्रिओल यांनी तो नष्ट करावा असे सुचवले. तिथे उपस्थित असलेल्या आफ्रिकी प्रेक्षकांनाही तो अपमानकारक वाटला. आफ्रिकी माणूस रानटी असतो या युरोपीय समजाला यातून खतपाणी मिळेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. ब्रिटिशांनी गोल्ड कोस्टमध्ये चित्रपटावर बंदी घातली. त्यांचा आक्षेप मात्र वेगळा होता. गव्हर्नरच्या पुतळ्यावर अंडे फोडले जाते आणि लगेच खऱ्या गव्हर्नरच्या पिसांच्या टोपीचे दृश्य येते, हे त्यांना झोंबले. १९५७ मध्ये व्हेनिस येथे या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. तरीही रूश यांनी त्याच्या प्रदर्शनावर दीर्घकाळ मर्यादा ठेवल्या. हा विधी मजुरांना वसाहतीतील जगण्याचा ताण सहन करण्याचे बळ देतो, असा निष्कर्ष त्यांनी चित्रपटाच्या शेवटी काढला होता. पुढे त्याविषयी त्यांनाच शंका वाटू लागली. बाहेरून आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या देवांचा अर्थ लावून मोकळे व्हावे का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

दुसऱ्याच्या तोंडची फ्रेंच

यावर उपाय म्हणून निवेदकाची जागा सोडून देण्याचा प्रयोग त्यांनी केला. दामूरे, त्याचा मित्र लाम इब्राहिम दिया आणि इलो हे तिघे नायजरमधून किनारपट्टीच्या शहरांकडे नशीब काढायला निघतात, अशी गोष्ट घेऊन १९५४ पासून ‘जाग्वार’चे चित्रण झाले होते. त्या वेळी सुटसुटीत उपकरणांनी चित्र आणि ध्वनी एकाच वेळी टिपता येत नसत. म्हणून मूक चित्रण पडद्यावर दाखवून त्यातल्या पात्रांनाच त्यावर हवे ते बोलायला सांगण्यात आले. थट्टा, बढाया, आठवणी यांनी भरलेले ते निवेदन ऐकण्याजोगे आहे. चित्रपट प्रेक्षकांसमोर यायला मात्र १९६७ साल उजाडले.

हीच पद्धत आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात अधिक टोकाला गेली. त्रेशव्हिल या मजूरवस्तीत नायजरहून आलेले तरुण हमाली करून पोट भरत होते. त्यांतला एक उमारू गांदा. फ्रेंच सैन्यातून तो इंडोचायनाच्या युद्धात लढून आला होता. चित्रपटात त्याने एडवर्ड जी. रॉबिन्सन हे अमेरिकी नटाचे नाव घेतले. त्याच्या सोबत्यांनीही एडी कॉन्स्टन्टिन, टारझन अशी नावे धारण केली. आठवडाभर ओझी वाहणे, रविवारी नाचगाणे, मुष्टियोद्धा होण्याचे स्वप्न, युद्धाच्या कडवट आठवणी हे सारे गांदाने स्वतःच्या फ्रेंचमध्ये सांगितले. ही फ्रेंच व्याकरणाच्या पुस्तकातली नव्हती, ती बंदरातली आणि बाजारातली होती. आफ्रिकी माणसाचा आपल्याविषयी बोलणारा असा आवाज फ्रेंच चित्रपटात त्यापूर्वी क्वचितच उमटला असेल. ‘म्वा, अँ न्वार’, म्हणजे ‘मी, एक काळा माणूस’, या चित्रपटाला १९५८ चे लुई देल्यूक पारितोषिक मिळाले. ज्याँ-ल्यूक गोदार यांनी त्याचे मुक्तकंठाने कौतुक केले आणि आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटात त्याच्या मोकळेपणाचे अनुकरणही केले.

गांदा यांना हा चित्रपट पूर्णपणे पटला नव्हता. आपली कहाणी आपणच सांगितली पाहिजे या जिद्दीने ते स्वतः दिग्दर्शक झाले. इंडोचायनाहून परतलेल्या सैनिकावरचा त्यांचा ‘काबास्काबो’ हा चित्रपट १९६९ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. नायजरच्या चित्रपटसृष्टीचे ते एक जनक ठरले. १९८१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

पॅरिसवर रोखलेला कॅमेरा

१९६० च्या उन्हाळ्यात समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ यांच्या आग्रहावरून रूश यांनी कॅमेरा आपल्याच शहराकडे वळवला. तुम्ही सुखी आहात का, हा साधा प्रश्न रस्त्यावरच्या माणसांना विचारत ‘एका उन्हाळ्याची बखर’ सुरू होतो आणि अल्जीरियातील युद्ध, कारखान्यातील कंटाळा, वंशभेद, नाझी छळछावण्यांच्या आठवणी अशा खोल पाण्यात शिरतो. मार्सलीन लोरिदाँ ही तरुणी ध्वनिमुद्रक सोबत घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवरून एकटीच चालत, छळछावणीतून परत न आलेल्या वडिलांशी बोलत राहते, ते दृश्य माहितीपटाच्या इतिहासात अजरामर झाले आहे.

हे शक्य झाले ते हलक्या कॅमेऱ्यामुळे आणि तो चालवणाऱ्या हातांमुळे. अटलांटिकपलीकडच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातील छायालेखक मिशेल ब्रो यांना रूश यांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. कॅमेरा खांद्यावर घेऊन माणसांच्या घोळक्यात चालण्याची कला ब्रो यांनी कॅनडात आत्मसात केली होती. त्यांच्याकडून आपण कितीतरी शिकलो हे रूश जाहीरपणे सांगत. १९६१ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. झिगा व्हेर्तोव या सोव्हिएत दिग्दर्शकाच्या ‘किनोप्राव्दा’ या संज्ञेचे भाषांतर करून ‘सिनेमा व्हेरिते’ हा शब्द रूढ झाला.

सेम्बेन यांचा आरोप

१९६० मध्ये नायजर आणि इतर अनेक फ्रेंच वसाहती स्वतंत्र झाल्या. स्वतंत्र आफ्रिकेचे स्वतःचे चित्रपटकार पुढे येऊ लागले. त्यांतले अग्रणी म्हणजे सेनेगलचे उस्मान सेम्बेन. १९६५ मध्ये रूश यांच्याशी झालेल्या चर्चेत सेम्बेन यांनी त्यांना तोंडावर सुनावले, की तुम्ही आमच्याकडे किडे पाहावेत तसे पाहता. ‘म्वा, अँ न्वार’ हा चित्रपट सेम्बेन यांना आवडला होता. विधींचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांवर मात्र त्यांचा राग होता. बदलणारा, झगडणारा आफ्रिका सोडून तुम्ही जुन्या चालीरीतीच दाखवता, असे त्यांचे म्हणणे होते.

या आरोपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. वसाहतीच्या राजकारणावर रूश यांनी चित्रपटांतून थेट भाष्य क्वचितच केले. वेठबिगारीचे जे दृश्य त्यांनी तरुणपणी पाहिले, त्यावर त्यांचा एकही चित्रपट नाही. उलट, त्यांच्या चित्रपटांत काम करता करता गांदा यांच्यासारखे लोक दिग्दर्शक झाले, सेनेगलच्या साफी फाय यांना त्यांच्याच एका चित्रपटातील भूमिकेतून या माध्यमाची वाट सापडली, आणि नायजरचे मुस्ताफा आलासान यांना त्यांचे साहाय्य लाभले, हेही विसरता येत नाही. यांपैकी काहींनी गुरूवर टीकाही केली. रूश यांनी ती ऐकून घेतली.

दगडांवरचे ताल

१९६०च्या दशकात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी टिपण्याची सोय झाली आणि संगीताच्या अभ्यासाला रूश यांच्या कामात नवे स्थान मिळाले. मानव संग्रहालयातील संगीततज्ज्ञ जिल्बेर रूजे आणि डोगोन संस्कृतीच्या अभ्यासक जेर्मेन दिएतेरलँ यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये मालीतील बांदियागारा कड्यांच्या परिसरात ‘डोगोन ढोल’ हा लघुपट केला. शेळ्या राखणारी पोरे तिथे दगडांवर दगड आपटून ताल घटवतात. मोठेपणी अंत्यविधीच्या समारंभात खऱ्या ढोलांवर जे ताल वाजवायचे त्यांची ही पूर्वतयारी. उजवा हात काय करतो, डावा काय करतो, दोन वादकांचे आघात एकमेकांत कसे गुंततात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कानांना नीट उलगडत नाही. ताल केवळ ऐकून लिहून काढणाऱ्या अभ्यासकांना या चित्रणाने नवे साधन दिले. रूजे यांच्यासोबत बेनिनमधील पोर्तो-नोव्हो येथील राण्यांच्या नृत्यावर केलेल्या चित्रपटात तर हालचाल संथ करून, ध्वनीशी तिचा मेळ राखून, पाऊल आणि स्वर यांचे नाते तपासले गेले.

डोगोन लोकांचा सिगुई हा विधी दर साठ वर्षांनी येतो आणि सात वर्षे गावोगाव फिरतो. १९६७ पासून रूश आणि दिएतेरलँ यांनी वर्षानुवर्षे तिथे जाऊन त्याचे चित्रण केले. एका माणसाला हा विधी आयुष्यात बहुधा एकदाच, फार तर दोनदा पाहायला मिळतो. त्याची आवर्तने सलग पाहता येतील असा हा दस्तऐवज आहे. पुढचा सिगुई २०२७ मध्ये अपेक्षित आहे.

तूरू आणि बित्ती

त्यांच्या सर्व संगीतविषयक कामाचा कळस म्हणजे जेमतेम दहा-बारा मिनिटांचा एक चित्रपट. नायजरमधील सिमिरी या गावात मार्च १९७१ मध्ये टोळधाडीपासून पिके वाचवण्यासाठी देवांना आवाहन करण्याचा विधी चालू होता. सोंघाय विधींत एरवी गोजे हे घोरपडीच्या कातड्याचे, घोड्याच्या केसांची तार असलेले एकतारी वाद्य गजाने वाजवले जाते आणि भोपळ्याची अर्धी कवटी जमिनीवर पालथी घालून तिच्यावर काठ्यांनी ताल धरला जातो. या वेळी मात्र तूरू आणि बित्ती हे जुने, वापरातून जवळजवळ गेलेले ढोल बाहेर काढले होते. नाच तीन दिवस झाला. कुणाच्या अंगात येईना.

चौथ्या दिवशी, १५ मार्चला, उन्हे उतरू लागली तेव्हा रूश यांनी निदान त्या ढोलांचे चित्रण तरी करावे म्हणून कॅमेरा उचलला. फितीचे एक अख्खे रीळ न थांबता, एकाच सलग दृश्यात वापरायचे त्यांनी ठरवले. गावाबाहेरून चालत ते रिंगणात आले. वृद्ध सांबू एकटाच नाचत होता. त्याला वळसा घालून ते वादकांपाशी पोहोचले, तोच ढोल थांबले. कुणीही कॅमेरा बंद केला असता. रूश यांनी तो चालूच ठेवला. काहीतरी घडणार असल्याची चाहूल लागल्यासारखे वादक पुन्हा वाजवू लागले आणि सांबूच्या अंगात कुरे हा तरसाचा आत्मा आला. थोड्याच वेळात एका वृद्ध स्त्रीच्याही अंगात आले.

आपल्या कॅमेऱ्यामुळेच हे घडले, अशी रूश यांची धारणा झाली. कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहणारा माणूस त्या क्षणी तटस्थ निरीक्षक राहत नाही, वादकाच्या आणि नर्तकाच्या जोडीने तोही विधीचा एक घटक होतो आणि त्याच्यावरही एक प्रकारची समाधी चढते. या अवस्थेला ते ‘सिने-ट्रान्स’ म्हणत. शास्त्रीय अलिप्ततेचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटणे शक्य नव्हते. मात्र कुरकुरणाऱ्या चाकोरीबद्ध निवेदनांनी भरलेल्या असंख्य माहितीपटांपेक्षा या एका सलग दृश्यातून ढोल, देह आणि श्रद्धा यांचा संबंध अधिक स्पष्ट दिसतो.

मोजणाऱ्यांची मोजदाद

याच सुमारास सेम्बेन यांच्या आरोपाला रूश यांनी आपल्या विनोदी स्वभावानुसार उत्तर दिले. ‘पती आ पती’ या १९७० च्या सुमारास केलेल्या चित्रपटात दामूरे हा व्यापारी बनून पॅरिसला जातो. उंच इमारतींत राहणारे लोक कसे असतात याची पाहणी करतो. भर रस्त्यात पॅरिसकरांना थांबवून त्यांची डोकी मोजतो आणि त्यांच्या विचित्र चालीरीतींची नोंद घेतो. मानववंशशास्त्रज्ञांनी शतकभर आफ्रिकेत जे केले तेच इथे गंभीर चेहऱ्याने उलटे केलेले होते. १९७४ च्या ‘कोकोरिको, मस्यो पुले’ या कोंबडीविक्याच्या धमाल कथेत तर दिग्दर्शकाचे नाव म्हणून दामूरे, लाम आणि रूश या तिघांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘दालारू’ असे घातले गेले.

उत्तरायुष्यात रूश यांनी पॅरिसमध्ये अध्यापन केले, १९८२ मध्ये मानववंशशास्त्रीय चित्रपटांचा वार्षिक महोत्सव सुरू केला, फ्रेंच चित्रपट संग्रहालयाचे अध्यक्षपद काही वर्षे सांभाळले. नायजरला जाणे मात्र कधी थांबले नाही. १९९७ मध्ये लाम गेला. वयाच्या ऐंशीनंतरही रूश जुन्या सोबत्यांना घेऊन चित्रपट करीतच होते.

फेब्रुवारी २००४ मध्ये ते पुन्हा नायजरला गेले. निमित्त होते नायजरच्या चित्रपटांच्या महोत्सवाचे. १८ फेब्रुवारीच्या रात्री बिर्नी-न्कोनी या गावाजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नी आणि जुना मित्र दामूरे त्याच गाडीत होते. ते बचावले. रूश यांचे दफन नियामे येथेच झाले. १९४१ मध्ये रस्ते बांधायला आलेल्या अभियंत्याला नायजरच्याच एका रस्त्यावर मृत्यू आला. २००९ मध्ये दामूरेही गेला. नियामेतील फ्रान्स-नायजर सांस्कृतिक केंद्राला रूश यांचे नाव देण्यात आले.

रूश यांच्या चित्रपटांवरील वाद त्यांच्यामागेही मिटलेले नाहीत. ‘वेडे धनी’ दाखवला गेला की सभागृहात मतभेद होतातच. मात्र तूरू आणि बित्ती वाजवणारे ते हात आणि दगडांवर ताल घटवणारी ती पोरे आज पडद्यावर पाहता-ऐकता येतात. आयोरूच्या शिकाऱ्यांनी खोडलेली धूनही त्यांच्या चित्रपटात पुन्हा कधी आली नाही.